उठायला कारण हवं

१९९७ साली स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. प्रयोग इतका साधा होता की त्याला ना यंत्र लागलं ना प्रयोगशाळा. वृद्धांसाठीच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालायचं आणि चालता चालता गप्पा सुरू करायच्या, एवढंच. बहुतेक जण बोलत बोलत चालत राहिले. १२ जण मात्र उत्तर द्यायला थांबले. पुढचे सहा महिने कोण पडतं याची नोंद ठेवली, तेव्हा त्या १२ जणांपैकी १० जण पडल्याचं दिसलं.

तरुणपणी चालण्याकडे मेंदूला फारसं लक्ष द्यावं लागत नाही. आपण फोनवर बोलतो, भाजीचे भाव विचारतो, मागून येणारी रिक्षा चुकवतो, आणि पाय आपलं काम करत राहतात. उतारवयात नजर मंदावते, तळपायांची जाणीव बोथट होते, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा थकते. मग जे काम आपोआप व्हायचं, ते लक्ष घालून करावं लागतं. अशा माणसाला चालताना कुणी हाक मारली की लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं. काही जण थांबतात, काही तोल जाऊन पडतात. त्यामुळे पाय बळकट केले की काम झालं, असं होत नाही. मन दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं असताना पाऊल नीट टाकण्याचा सराव हवा.

हाच सराव, कुणी तशी योजना आखलेली नसताना, घरगुती करमणुकीसाठी बनवलेल्या एका यंत्रानं जगभरच्या वृद्धनिवासांत पोहोचवला. नजर पडद्यावर, मन गुणांवर, आणि खाली पायांची व हातांची हालचाल. तो कसा पोहोचला, त्यातून खरोखर काय साधलं आणि काय साधलं नाही, हे या प्रकरणात पाहू.

आधी बसून राहण्याविषयी. वृद्धाश्रमात माणूस बसून राहतो तो आळसानं नव्हे. घरी असताना दुधाची पिशवी घ्यायला दारापर्यंत जावं लागतं, गॅस बंद केला का हे पाहायला दोनदा उठावं लागतं, देवाला फूल वाहायला वाकावं लागतं. निवासात चहा हातात येतो, ताट समोर येतं, गोळ्या वाटीत येतात. उठण्याची कारणंच एकेक करून काढून घेतली जातात, आणि तीही प्रेमानं. त्यात सगळ्यांना पडण्याची धास्ती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि त्यांत सर्वाधिक वाटा साठी ओलांडलेल्यांचा असतो. नातेवाईक जाब विचारतील म्हणून व्यवस्थापक घाबरतात, व्यवस्थापक रागावतील म्हणून मावशी घाबरतात, आणि शेवटी आजींना सांगितलं जातं, ‘तुम्ही बसा, मी आणून देते.’

बसण्याची किंमत फार लवकर मोजावी लागते. २००७ साली ‘जामा’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं चरबीविरहित वजन, म्हणजे प्रामुख्यानं स्नायू, जवळजवळ एक किलोनं घटलं. हे आजारी नसलेल्या माणसांचं झालं. पंच्याऐंशीतल्या, मधुमेह असलेल्या, हल्लीच दवाखान्यातून परतलेल्या आजोबांचं दहा दिवसांत काय होत असेल, याचा विचार करावा. पडू नये म्हणून बसवायचं, आणि बसवल्यामुळे पाय इतके क्षीण व्हायचे की पुढच्या वेळी उठताना पडणं ठरलेलंच. हे चक्र निवासांत रोज फिरत असतं.

ते मोडायला व्यायाम हा सर्वमान्य उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात. सूचना उत्तम आहे, पण पाळायची कुणी? फिजिओथेरपिस्ट येतो, ‘दहा वेळा पाय उचला’ म्हणतो, तो समोर असेपर्यंत पाय उचलले जातात. ‘आता आणखी जगून काय करायचंय’ असं मनात घर करून बसलेल्या माणसाला दहाची मोजणी पुरी करण्यात रस का वाटावा?

सुरुवातीला म्हटलेलं ते करमणुकीचं यंत्र निंटेंडोचं. निंटेंडो ही जपानमधल्या क्योटोची कंपनी. १८८९ साली हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते बनवण्यापासून तिचा आरंभ झाला. २००० नंतरच्या काळात व्हिडिओ गेमचा धंदा अधिकाधिक वेगवान चित्रं आणि अधिकाधिक बटणं यांच्या मागे लागला होता. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी वेगळा प्रश्न विचारला: जे कधीच खेळत नाहीत, त्यांच्या हातात खेळ कसा द्यायचा? बटणांनी भरलेला दोन्ही हातांत धरायचा नियंत्रक पाहूनच आई आणि आजी मागे सरतात, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांच्या चमूनं टीव्हीच्या रिमोटसारखी, एका हातात मावणारी कांडी बनवली. इवातांनी आग्रहानं तिला रिमोटच म्हणायला लावलं, कारण रिमोटची भीती कुणालाच वाटत नाही. १९ नोव्हेंबर २००६ रोजी ‘वी’ हे यंत्र अमेरिकेत २४९.९९ डॉलरला विक्रीला आलं आणि त्याच्या खोक्यातच ‘वी स्पोर्ट्स’ ही खेळांची तबकडी होती. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ. पुढच्या काही वर्षांत असे १० कोटींहून अधिक संच विकले गेले.

त्या कांडीत काय होतं ते थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण तिचे गुण आणि तिच्या मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात. आत एक इवलीशी चकती होती, तिन्ही दिशांना वेगातला बदल मोजणारी. हात मागे नेला, पुढे झटकला, मनगट वळवलं, की चकतीतला सूक्ष्म भाग किंचित सरकायचा आणि त्या सरकण्यातून यंत्राला हालचालीचा अंदाज यायचा. कांडीच्या टोकाला अवरक्त किरण टिपणारा छोटा कॅमेरा होता. टीव्हीजवळ ठेवायची जी पट्टी, तिला सगळे ‘सेन्सर बार’ म्हणायचे, पण ती काही मोजत नव्हती, नुसते अवरक्त दिवे लावून बसायची. त्या दिव्यांवरून आपण पडद्यावर कुठे रोखलंय हे कांडीला कळायचं.

यातली मर्यादा अशी की यंत्र वेगातला बदल मोजतं, कष्ट मोजत नाही. खांद्यापासून हात फिरवला काय आणि सोफ्यावर बसून मनगट झटकलं काय, पडद्यावरचा चेंडू जवळपास सारखाच जातो. जपानमध्ये वी स्पोर्ट्स आणि वीवरच्याच वी फिट प्लस या व्यायामाच्या खेळातल्या ६८ हालचालींत खर्ची पडणारी ऊर्जा मोजली, तेव्हा त्यांतल्या ४६ हलक्या व्यायामात बसल्या, २२ मध्यम व्यायामात, आणि जोरदार व्यायामात एकही नाही. धडधाकट तरुणाला यानं फारसा घाम फुटणार नाही. पण दिवसाचे बारा तास खुर्चीत काढणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हलका व्यायाम ही क्षुल्लक गोष्ट नाही. शून्यातून बाहेर पडायची ती पहिली पायरी असते.

शिकागोजवळ लिंकनशायर नावाच्या गावात सेजब्रुक ही निवृत्तांची वसाहत आहे. २००७ च्या सुरुवातीला तिथल्या रहिवाशांनी बोलिंगच्या स्पर्धा भरवल्याची बातमी शिकागोच्या वृत्तपत्रात आली आणि पाहता पाहता अमेरिकेतल्या शेकडो निवासांनी हे यंत्र आणलं. त्यातही पाच खेळांपैकी बोलिंगच (चेंडू घरंगळत सोडून समोरच्या पिना पाडायचा खेळ) का गाजलं, याचं कारण त्या माणसांच्या आयुष्यात आहे. अमेरिकेच्या मध्य भागात १९५० आणि ६० च्या दशकांत बोलिंग हा कामगारांचा, कारकुनांचा, गृहिणींचा खेळ होता. कारखान्यांचे, चर्चचे संघ असायचे, आठवड्यातली एक संध्याकाळ त्यासाठी राखलेली असायची. खेळाचा चेंडू सात किलोंपर्यंत जड. संधिवातानं वाकडी झालेली बोटं तो आता उचलू शकत नव्हती. पण एक पाऊल पुढे टाकायचं, हात मागे न्यायचा आणि झोका देऊन सोडायचा, ही लय खांद्याला आठवत होती. हलक्याशा कांडीनं ती लय परत दिली. वॉकर घेऊन आलेली माणसं वॉकर बाजूला ठेवून उभी राहिली. चाकाच्या खुर्चीतली माणसं खुर्चीतूनच खेळली आणि जिंकलीही, कारण पडद्यावरच्या चेंडूला खेळणारा उभा आहे की बसलेला, हे कळत नाही.

अडचणही होती. चेंडू सोडण्यासाठी कांडीच्या पोटाशी असलेलं बटण झोका देताना दाबून धरायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. कंप असलेल्या किंवा बोटं आखडलेल्या हाताला तो क्षण साधत नाही. बटण लवकर सुटतं, फेक फसते, आणि म्हातारा माणूस ओशाळून ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत खाली बसतो. शेजारी उभ्या असलेल्या मदतनीसानं त्या क्षणी काय केलं यावर पुढचं सगळं ठरतं. ‘थांबा, बटण मी धरते, तुम्ही हात फिरवा’ म्हटलं, तर आजोबा उद्याही येतात.

खेळ आपल्या ओळखीचा असावा ही गोष्ट जपाननं वी येण्याच्या आधीच ओळखली होती. ‘पॅकमॅन’ बनवणाऱ्या नामको कंपनीचा आणखी एक खेळ तिथल्या खेळघरांत गाजलेला होता. पाच बिळांतून मगरी बाहेर येतात, त्यांच्या डोक्यावर हातोडा मारायचा. क्युशू विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या पुनर्वसन तज्ज्ञांनी तो वृद्धांच्या उपचारासाठी वापरायला घेतला आणि नामकोनं त्यांच्या सल्ल्यानं खास वृद्धांसाठी यंत्रं बनवली. मगरींचा वेग कमी केला, खुर्चीत बसून खेळता येईल अशी उंची ठेवली. दुसऱ्या एका यंत्रात खुर्चीत बसल्या बसल्या पायांनी साप दाबायचे. वरवर पोरखेळ वाटतो, पण गुडघा उचलून पाऊल झटकन खाली टाकणं हीच तर उंबरठा ओलांडतानाची हालचाल. तिसऱ्यात जपानी तैको ढोल, आणि ढोलासोबत जुनी गाणी. योकोहामात तर नामकोनं वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्रही चालवलं.

नॉर्वेतल्या बर्गनमधली एक कंपनी याच वाटेनं निराळ्या साधनानं गेली. खुर्चीत बसून चालवायच्या सायकलीसमोर पडदा लावायचा आणि त्यावर त्या माणसाच्या बालपणीच्या गावातले रस्ते दाखवायचे. शाळेवरून पुढे वळलं की बेकरी, मग बंदर. गल्ली संपेपर्यंत पाय मारणं सुटत नाही. या सायकलींवर आता अनेक देशांतल्या निवासांमधले वृद्ध दरवर्षी एकमेकांशी स्पर्धा करतात.

आता गुणाचा विचार करू. उत्साहाच्या बातम्या खूप आल्या, पण उत्साह म्हणजे पुरावा नव्हे.

पुराव्याच्या सुरुवातीलाच एक मराठी नाव भेटतं. डॉ. दिलीप जेस्ते यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतलं, मुंबईच्या केईएममध्ये मनोविकारशास्त्र शिकले आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत वृद्धांच्या मनःस्वास्थ्याचं मोठं केंद्र उभारलं. २०१२ मध्ये ते अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. २०१० साली त्यांच्या गटानं सौम्य नैराश्य असलेल्या १९ वृद्धांना आठवड्यातून तीन वेळा ३५ मिनिटं वी स्पोर्ट्स खेळायला दिलं. असं १२ आठवडे. सगळ्यात लहान ६३ वर्षांचा, सगळ्यात मोठा ९४ चा. बहुतेकांनी कार्यक्रम पुरा केला, आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांची नैराश्याची लक्षणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाली. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे निष्कर्ष सबुरीनंच घ्यायला हवा. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते असं की नैराश्यातला माणूस जिथं दुसऱ्या आठवड्यातच व्यायाम सोडून देतो, तिथं ही माणसं तीन महिने येत राहिली.

नैराश्यापेक्षा कठीण कसोटी २०१६ साली लागली. टोरांटोचे मेंदूविकारतज्ज्ञ गुस्तावो सापोस्निक यांनी कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांत पक्षाघाताच्या १४१ रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर दोन आठवड्यांत दहा तास वीवरचे खेळ. दुसऱ्या गटाला तेवढेच तास साधी करमणूक: पत्ते, डॉमिनोज, बिंगो, ठोकळ्यांचा मनोरा. हाताची सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि ती सारखीच झाली. यंत्राचा खेळ पत्त्यांपेक्षा काकणभरही सरस ठरला नाही.

ज्यांनी यंत्रांवर पैसे लावले होते त्यांच्या दृष्टीनं ही निराशा असेल. मला मात्र या सगळ्या विषयातला हा सर्वात उपयोगी निष्कर्ष वाटतो. हात किती वेळ आणि किती नेटानं काम करतो याला महत्त्व आहे, समोर पडदा आहे की पत्ते याला नाही. ज्या निवासाला यंत्र परवडत नाही, त्याचे रहिवासी कशालाही मुकत नाहीत. मुकतात ते त्यांच्यासोबत दहा तास खेळायला कुणी बसलं नाही तर.

पायांची आणि तोलाची गोष्ट जराशी वेगळी आहे, आणि इथं स्वीडनच्या त्या १२ माणसांकडे परत जावं लागतं. सिडनीतल्या संशोधकांनी पासष्टीपुढच्या ७६९ जणांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. जमिनीवर एक चटई, समोर पडदा. पडद्यावर खूण दिसली की त्या दिशेला पाऊल टाकायचं, पण काही खुणांना फसायचं नाही, काहींना थांबायचं. निर्णय आणि पाऊल एकत्र. आठवड्याला दोन तास, वर्षभर. या गटात पडण्याचं प्रमाण खेळ न दिलेल्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी झालं. तिसऱ्या गटाला तसेच बुद्धीचे खेळ दिले होते, पण खुर्चीत बसून. त्यांच्यात म्हणण्यासारखी घट दिसली नाही. डोक्याला चालना देणारे खेळ म्हणून बाजारात जे विकलं जातं, त्याच्या भरवशावर बसलेल्यांनी ही तुलना लक्षात ठेवावी. फायदा पाऊल उचलणाऱ्यांना झाला. ही सगळी माणसं आपापल्या घरी राहणारी, बऱ्यापैकी हिंडतीफिरती होती. त्यामुळे निवासातल्या दुर्बळ माणसांना तोच आकडा लागू होईल असं धरून चालता येत नाही.

निवासातल्या आणि त्यातही स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांविषयी बेल्जियममधून २०२१ साली आलेला अभ्यास आहे. सरासरी वय ८५ च्या आसपास. आधाराच्या दांड्यांनी वेढलेल्या पाटावर उभं राहून पडद्यावरच्या खेळानुसार पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे पाऊल टाकायचं. आठवड्यातून तीनदा, फक्त १५ मिनिटं, आठ आठवडे. दुसऱ्या गटानं तेवढाच वेळ आवडीच्या गाण्यांचे व्हिडिओ पाहिले. खेळणाऱ्यांचा चालण्याचा वेग सुधारला, तोल सुधारला, आणि विचारशक्तीच्या चाचणीतले गुण व मनाची उभारी या दोन्हींतही फरक पडला. ५५ जणांपैकी ४५ जण शेवटपर्यंत टिकले. स्मृतिभ्रंश झाला म्हणजे नवं काही शिकता येत नाही, हा समज किती पोकळ आहे, हे पटायला एवढं पुरे.

उभंच राहू न शकणाऱ्यांसाठी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात हेस्टर ले रिश यांनी आपल्या डॉक्टरेटच्या कामातून ‘तोव्हरताफेल’ घडवलं. छतावरच्या पेटीतून साध्या जेवणाच्या टेबलावर प्रकाशचित्रं पडतात. पाचोळा पडलेला दिसतो, हात फिरवला की पानं दूर होतात. फुगा तरंगत येतो, बोट टेकवलं की फुटतो. हरणं-जिंकणं नाही, नियम समजून घ्यायचे नाहीत. समोरच्या माणसाकडे आपलं पान सरकतं आणि तो ते परत ढकलतो. महिनोन्महिने एकमेकांकडे न पाहिलेली दोन माणसं अशी एकमेकांच्या खेळात येतात.

वीच्याच काळात मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट आलं, नोव्हेंबर २०१० मध्ये. हातात काही धरायलाच नको, कॅमेरा अंगाची हालचाल ओळखतो. बटणाच्या अडचणीवर हाच खरा उतारा ठरला असता, पण २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. वीचं उत्पादन त्याआधीच संपलं होतं. निंटेंडोच्याच नंतर आलेल्या स्विच या यंत्राच्या कांड्या बोटाएवढ्या, म्हाताऱ्या मुठीत नीट न बसणाऱ्या. बाजार तरुणांच्या मागे धावतो, म्हणून एकाच यंत्रावर निवासाचा सगळा कार्यक्रम उभा करू नये.

निवासात असे खेळ सुरू करायचे असतील तर काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात. खेळणाऱ्याच्या मागे हात असलेली जड खुर्ची हवी, प्लॅस्टिकची सरकणारी नको. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. स्लिपर घालून किंवा नुसत्या मोज्यांवर कधीही नाही. साडीचा घोळ पायात येत असेल तर तो वर खोचून घ्यावा. वी फिटबरोबर येणारी तोलाची पाटी उत्तम, तिच्या कोपऱ्यांतले चार संवेदक शरीराचा भार कुठे झुकतोय ते दाखवतात. पण ती सुमारे पाच सेंटीमीटर उंच असते आणि चढताउतरताना धरायला काही नसतं, म्हणून समोर पक्का कठडा किंवा दोन बाजूंना दोन माणसं असल्याशिवाय ती वापरू नये. रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताच चक्कर येणारी माणसं असतात, फिट येणारी असतात, त्यांच्याबाबत डॉक्टरांचं मत घ्यावं. आणि खेळाच्या भरात थांबायचं भान राहत नाही. २००७ साली स्पेनमधल्या एका तरुण डॉक्टरानं वी टेनिस तासन्‌तास खेळून स्वतःचा खांदा दुखावून घेतला आणि ते दुखणं एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं. ऐंशीच्या खांद्याला पंधरा मिनिटं भरपूर झाली.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाजूला उभं असलेलं माणूस. वी फिट शरीराची चाचणी घेऊन पडद्यावर तुमचं ‘वय’ सांगतं आणि ते नेहमी कौतुकाचं नसतं. चुकलेल्या पावलाला कर्कश आवाज होतो. अशा वेळी ‘काल तीन पिना पडल्या होत्या, आज पाच’ हे सांगणारं कुणीतरी हवं. ते काम मावशींवर, आधीच्या सगळ्या कामांच्या वर, लादून भागणार नाही. त्यासाठी त्यांच्या कामाच्या वेळेतून ठरलेला तास मोकळा करून द्यायला हवा. जिथं यंत्र कपाटात जाऊन बसलं, तिथं बहुधा हाच तास दिला गेलेला नसतो.

आपल्याकडे हा प्रश्न झपाट्यानं मोठा होतो आहे. २०२२ मध्ये भारतात साठीपुढची माणसं सुमारे १४.९ कोटी होती, २०५० पर्यंत ती ३४.७ कोटी होतील असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. पुण्यात, नाशकात, मुंबईच्या उपनगरांत मुलं परदेशी असलेल्या आईवडिलांसाठी निवास उभे राहत आहेत. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं आहेतच. तिथं व्याख्यानं होतात, भजनं होतात, कोजागिरी होते, आणि यातलं बहुतेक बसून होतं. अमेरिकेचं बोलिंग उचलून इथं आणण्यात अर्थ नाही, ते आमच्या आजोबांच्या खांद्यात नाही. त्यांच्या खांद्यात क्रिकेटची फलंदाजी आहे, विटीदांडू आहे, लेझीम आहे. आजींच्या पायांत भोंडल्याची फेरी आणि फुगडीचा ठेका आहे. संगणक शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी पदवीच्या शेवटच्या वर्षाला जे प्रकल्प करायचे असतात, त्यांत हा एक घ्यावा: साध्या कॅमेऱ्यासमोर बसून हातांनी खेळता येईल अशी लेझीम, खुर्ची धरून पावलांनी खेळता येईल असा भोंडला, सावकाश वेगाचा, मोठ्या अक्षरांचा, चुकल्यावर न ओरडणारा.

तोवर थांबायची गरज नाही. १४१ रुग्णांच्या त्या प्रयोगानं पत्त्यांनाही तेवढंच मोल दिलं आहे. रबरी कडी खुंटीवर फेकणं, खुर्चीत बसून फुगा एकमेकांकडे टोलवणं, जमिनीवर खडूनं चौकोन आखून आधारानं पाऊल टाकत आकडे म्हणणं, यातलं काहीही आजपासून करता येतं. वाचकांपैकी कुणाच्या घरी मुलांनी टाकून दिलेला जुना वी संच असेल तर तो जवळच्या वृद्धाश्रमात नेऊन द्यावा. मात्र देऊन परत फिरू नये. आठवड्यातून तीन दुपारी, अर्धा तास, तिथं जाऊन त्यांच्याबरोबर खेळावं.